रोमची लाल माती आणि सहाशे डॉलर

१९७० साली रोमच्या फोरो इटालिको मैदानावर इटलीची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा पार पडली. पुरुष एकेरीत रुमेनियाच्या इली नस्तासेने चेकोस्लोव्हाकियाच्या यान कोडेशला हरवले. महिला एकेरीत अमेरिकेच्या बिली जीन किंगने आपल्याच देशाच्या ज्युली हेल्डमनवर मात केली. नस्तासेच्या हाती साडेतीन हजार डॉलर पडले, किंगच्या हाती सहाशे. स्पर्धा एक, मैदान एक, पायाखालची माती एक, आणि बक्षिसात जवळपास सहापटीचा फरक. खेळाच्या इतिहासात हा फरक बहुधा एका ओळीत आटोपला जातो आणि त्याचे कारणही गृहीत धरले जाते: पुरुषांचा खेळ जास्त ताकदीचा, त्याला प्रेक्षक जास्त, म्हणून पैसा जास्त. रोमच्या स्पर्धेचा पुढचा-मागचा इतिहास नीट तपासला तर हे कारण टिकत नाही. कोणाला कोणते शहर द्यायचे, कोणते मैदान, कोणता आठवडा, हे ठरवणाऱ्या निर्णयांतून ही तफावत आली आणि टिकली. टेनिस हा भंडारा जिल्ह्याच्या गावगाड्यातला खेळ नव्हे, तरी धानाच्या बांधीत बाईला आणि गड्याला वेगवेगळी मजुरी मोजण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना रोमची ही गोष्ट परकी वाटू नये.

मुळात ही स्पर्धा एकट्या पुरुषांची कधीच नव्हती. १९३० साली ती मिलानमध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदे लढवली गेली. पुरुषांत अमेरिकेचा बिल टिल्डन जिंकला, महिलांत स्पेनची लिली दे अल्वारेझ. १९३५ मध्ये स्पर्धा रोमला आली. मुसोलिनीच्या राजवटीने टायबर नदीकाठी उभारलेल्या फोरो इटालिको या भव्य क्रीडासंकुलात तिच्यासाठी मैदान तयार होते आणि त्याच्याभोवती पुरुष खेळाडूंचे संगमरवरी पुतळे उभे होते. १९३६ पासून स्पर्धा बंद पडली, ती थेट १९५० साली पुन्हा सुरू झाली. तेव्हाही दोन्ही गट होते. म्हणजे महिलांचा खेळ मागाहून चिकटवलेला उपचार होता, असे म्हणायला जागा नाही. तो पायाभरणीपासूनचा भाग होता. मागाहून आले ते त्याला दुय्यम ठरवणारे हिशेब.

या मातीचा स्वभावही इथे लक्षात घ्यायला हवा, कारण ताकदीचा युक्तिवाद तिच्यापाशी येऊनच लंगडा पडतो. आपण जिला लाल माती म्हणतो, ती खरे तर भाजलेल्या विटेची भुकटी असते. खाली दगड, त्यावर खडी, मग कोळशाची जळकी कपची, त्यावर चुनखडीचा दाबून बसवलेला थर, आणि सगळ्यात वर विटेची भुकटी, तीही एक-दोन मिलिमीटरच. ती कोरडी पडली की वाऱ्याने उडते, म्हणून पाणी मारावे लागते. सेट संपला की माणसे जाळी ओढत मैदानभर फिरतात आणि पावलांच्या खुणा पुसतात. चेंडू रेषेवर पडला की बाहेर, यावर वाद झाला की पंचांनी खुर्चीवरून उतरून मातीत उठलेला ठसा पाहण्याची रीत जुनी आहे. या मातीवर चेंडूचा वेग कमी होतो आणि उसळी वाढते. गवतावर ज्या सर्व्हिसने गुण थेट मिळतो, ती इथे परतवता येते. मग गुण जिंकण्यासाठी वीस-वीस फटके खेळावे लागतात, घसरत जाऊन चेंडू गाठावा लागतो, समोरच्याला कोपऱ्यात ओढून जागा रिकामी करावी लागते. इथे दमसास, संयम आणि डोके यांची परीक्षा होते. मनगटातल्या निव्वळ जोराला जिथे सगळ्यात कमी किंमत आहे, त्याच पृष्ठभागावर जोराच्या नावाने सहापट फरक करण्यात आला होता.

हा फरक आला तो टेनिस ‘खुले’ झाल्यावर. १९६८ पर्यंत मोठ्या स्पर्धा कागदोपत्री हौशी खेळाडूंच्याच असत. पैसे घेऊन खेळणाऱ्यांना तिथे प्रवेश नसे आणि हौशी म्हणवणाऱ्यांना खर्चाच्या नावाखाली मागच्या दाराने पैसे दिले जात. १९६८ च्या वसंतात ही भिंत पडली. व्यावसायिकांना प्रवेश देणारी चार प्रमुख स्पर्धांपैकी पहिली स्पर्धा पॅरिसच्या रोलाँ गारोसवर, तीही लाल मातीवरच, झाली. शहरात विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि कामगारांचा संप पेटलेला होता, तरी खेळ झाला आणि लोकही आले. पुरुषांत केन रोजवॉलने रॉड लेव्हरला हरवले. महिलांत नॅन्सी रिचीने उपांत्य फेरीत किंगला आणि अंतिम फेरीत ॲन जोन्सला हरवले. पुरुष विजेत्यासाठी पंधरा हजार फ्रँक ठेवले होते, महिलांसाठी पाच हजार, आणि रिची तेव्हा हौशी गटात असल्याने तिला तेही घेता आले नाहीत. त्याच वर्षी विम्बल्डनने लेव्हरला दोन हजार पौंड दिले, किंगला साडेसातशे. आधी जो पैसा लपूनछपून वाटला जाई, तो आता जाहीर झाला आणि त्यासोबत स्त्री-पुरुषांतला फरकही पहिल्यांदाच छापील आकड्यांत उतरला. आकडा आयोजक ठरवत. त्यासाठी तिकीटविक्रीचा वेगळा हिशेब कोणी मांडला नव्हता, कारण तिकीट दोन्ही गटांसाठी एकच होते.

रोमनंतर काही महिन्यांतच गोष्ट आणखी पुढे गेली. सप्टेंबर १९७० मध्ये लॉस एंजलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेने पुरुष विजेत्याला साडेबारा हजार डॉलर आणि महिला विजेतीला दीड हजार जाहीर केले. आठास एक. तेव्हा नऊ खेळाडूंनी तिकडे पाठ फिरवली आणि ह्यूस्टनमध्ये स्वतःची स्पर्धा भरवली. ‘वर्ल्ड टेनिस’ मासिकाच्या प्रकाशक ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी त्यांनी २३ सप्टेंबर १९७० रोजी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला. आपापल्या देशाच्या संघटनेकडून बंदी येण्याचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला. या नऊ जणी कोण होत्या, हे पाहण्यासारखे आहे. रोममधली १९७० ची विजेती किंग त्यांत होती आणि अंतिम फेरीत हरलेली ज्युली हेल्डमनही होती. ही ज्युली ग्लॅडिस यांची मुलगी, आणि रोमची १९६९ ची विजेती. १९६९ ला तिच्याकडून हरलेली ऑस्ट्रेलियाची केरी मेल्व्हिल होती. पॅरिसची १९६८ ची विजेती नॅन्सी रिचीही होती. बंड करणाऱ्या नऊपैकी चौघींनी लाल मातीवरच्या या दोन स्पर्धांची अंतिम फेरी गाठलेली होती. या मातीवर आपल्या घामाची किंमत काय लावली जाते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. प्रायोजक म्हणून त्यांना मिळाली ती सिगारेटची एक कंपनी. तंबाखूच्या पैशावर उभे राहणे आज आपल्याला खटकते आणि खटकायलाच हवे, पण इतर दारे बंद असताना उघडलेले दार तेच होते, हेही तितकेच खरे. तीन वर्षांत, जून १९७३ मध्ये, महिला खेळाडूंची जागतिक संघटना लंडनमध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेने पुरुष आणि महिला विजेत्यांना प्रत्येकी पंचवीस हजार डॉलर दिले.

इथे पहिला मोठा आक्षेप विचारात घेऊ: अमेरिकेत बाजार होता, म्हणून पैसा आला, युरोपच्या लाल मातीवर महिलांच्या खेळात प्रेक्षकांना खेचण्याजोगे काही नव्हते. या आक्षेपाला रोमनेच १९७९ साली उत्तर दिले आहे. ऑगस्ट १९७३ पासून अमेरिकेची ख्रिस एव्हर्ट या मातीवर एकही सामना हरली नव्हती. लागोपाठ १२५ विजय. पुरुषांत लाल मातीचा सम्राट मानला गेलेला राफाएल नदाल पुढे २००५ ते २००७ या काळात ८१ विजयांपर्यंत पोहोचला. एव्हर्टच्या विक्रमाला आजवर ना पुरुष गाठू शकला, ना स्त्री. १२ मे १९७९ रोजी रोमच्या उपांत्य फेरीत तिच्यासमोर सोळा वर्षांची ट्रेसी ऑस्टिन उभी राहिली. ऑस्टिनने पहिला सेट ६-४ असा घेतला, एव्हर्टने दुसरा ६-२ ने परत मिळवला, आणि तिसरा टायब्रेकरपर्यंत गेला. दोघींचीही शैली सारखीच: मैदानाच्या मागच्या रेषेवर ठाण मांडायचे, दोन हातांचा बॅकहँड आणि चूक न करण्याचा हट्ट. टायब्रेकर ऑस्टिनने ७-४ असा जिंकला आणि जवळपास सहा वर्षे चाललेली मालिका तिथे थांबली. दुसऱ्या दिवशी तिने विजेतेपदही मिळवले. लाल मातीच्या इतिहासातला हा एक थोर सामना आहे, आणि तो महिलांच्या गटात, रोममध्ये झाला.

त्याच्या पुढच्याच वर्षी महिलांची स्पर्धा रोमबाहेर गेली. १९८० ते १९८४ अशी पाच वर्षे ती उंब्रियातल्या पेरुजा शहरात भरली. १९८५ मध्ये ती दक्षिणेच्या टोकाला, तारांतो या बंदराच्या गावी गेली. १९८६ मध्ये ती भरलीच नाही. पुरुषांची स्पर्धा मात्र या सगळ्या काळात फोरो इटालिकोवरच राहिली. पेरुजात खेळ कमी प्रतीचा होता, असे म्हणावे तर १९८० ते १९८२ अशी सलग तीन वर्षे तिथे स्वतः एव्हर्टच जिंकली. जगातली या मातीवरची सर्वश्रेष्ठ खेळाडू पेरुजापर्यंत जात होती. राजधानीचे मैदान मात्र तिच्यासाठी नव्हते. इटलीच्या प्रेक्षकांना आपला माणूस लागतो, अॅड्रिआनो पनाट्टासारखा नायक महिलांत नव्हता, असाही एक युक्तिवाद केला जातो. पनाट्टाने १९७६ साली पहिल्या फेरीत अकरा मॅचपॉइंट वाचवून पुढे विजेतेपद मिळवले आणि रोमच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, हे खरेच. पण खुल्या टेनिसच्या काळात महिलांतही इटलीची नायिका निर्माण झाली. राफाएला रेज्जीने १९८५ मध्ये आपल्या देशाची ही स्पर्धा जिंकली. तिचे दुर्दैव इतकेच की त्या वर्षी स्पर्धा तारांतोत होती. राजधानीचा जयघोष तिच्या वाट्याला आला नाही, आणि पुढच्या वर्षी ती विजेतेपद राखायला उतरणार तर स्पर्धाच उरली नव्हती. मैदान आधी काढून घ्यायचे आणि मग गर्दी नाही म्हणून कमी लेखायचे, अशा क्रमाला बाजाराचा निवाडा म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो. पुरुष मोठ्या स्पर्धांत पाच सेटपर्यंत खेळतात, स्त्रिया तीन. मग काम कमी तर दाम कमी. याचा विचार करताना आपल्या जिल्ह्यातले काम डोळ्यांसमोर आणावे. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात कमरेतून वाकून पऱ्हे लावतात त्या बाया. नांगरणी-चिखलणी आणि पेंढ्यांची वाहतूक पुरुषांकडे. मजुरी मात्र बाईला कमी आणि गड्याला जास्त, आणि विचारले तर उत्तर मिळते, गड्याचे काम जड. याउलट १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे काढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. त्या कामांवर दर ठरला तो मातीच्या मोजमापावर, खणणाऱ्याच्या लिंगावर नाही. घनमीटरचा दर बाईला आणि पुरुषाला एकच. कामावरून दाम हे तत्त्व खरोखर मान्य असेल, तर ते असे पाळले जाते. टेनिसमध्ये ते कधीच पाळले गेले नाही. पुरुषांतही जो तीन सेटांत जिंकतो त्याला पाच सेट लढणाऱ्यापेक्षा कमी पैसे मिळत नाहीत. महिलांना लांब सामने झेपत नाहीत असेही नाही. १९८४ ते १९९८ या काळात महिलांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेची अंतिम लढत पाच सेटांची असे. आणि सगळ्यात निर्णायक पुरावा पुन्हा रोमचाच आहे. २००७ पासून तिथे पुरुषांचे सगळे सामने, अगदी अंतिम सामनाही, तीन सेटांचे झाले. पुरुषांचे आणि महिलांचे काम आता मोजून सारखे झाले. तरी २०२३ साली तिथल्या महिलांच्या बक्षिसांची एकूण रक्कम पुरुषांच्या निम्म्याहून कमी होती. सेटांची सबब गेली तरी फरक उरला, याचा अर्थ फरकाचे कारण सेट हे कधीच नव्हते.

तिसरा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. ह्यूस्टनच्या नऊ जणींनी स्वतंत्र होऊनच प्रगती केली, मग पेरुजाला स्वतंत्र स्पर्धा भरली तर बिघडले कुठे? वेगळे होणे आणि वेगळे पडणे यांतला भेद इथे कळीचा आहे. ह्यूस्टनच्या खेळाडूंनी करार स्वतः केला, प्रायोजक स्वतः मिळवला, आणि मोठ्या स्पर्धांमधली आपली जागा मात्र सोडली नाही. त्यांची मागणी समान रकमेची होती आणि ती १९७३ मध्ये मान्य झाली तीही स्त्री-पुरुषांच्या एकत्र स्पर्धेतच. पेरुजा आणि तारांतोला स्पर्धा गेली तेव्हा इतिहास, मैदान आणि राजधानी या तिन्ही गोष्टी पुरुषांच्या स्पर्धेकडेच राहिल्या. एका वर्षी स्पर्धा बंद पडली, यावरून पायाच किती ठिसूळ करून ठेवला होता ते दिसते. १९८७ मध्ये महिलांची स्पर्धा रोमला परतली आणि स्टेफी ग्राफ जिंकली, पण दोन्ही स्पर्धा वेगवेगळ्या आठवड्यांत होत राहिल्या. २०११ मध्ये त्या एकाच आठवड्यात आल्या. नोव्हाक जोकोविच आणि मारिया शारापोव्हा त्या वर्षीचे विजेते. पॅरिसने २००६ मध्ये विजेत्यांची आणि २००७ पासून सर्व फेऱ्यांची रक्कम समान केली, विम्बल्डननेही त्याच वर्षी केली. या काळात महिलांचे स्नायू बदलले नाहीत, की विटेची भुकटी बदलली नाही. बदलले ते आयोजकांच्या सहीचे कागद.

मे २०२५ मध्ये जास्मिन पाओलिनीने रोमच्या मुख्य मैदानावर, आपल्या लोकांसमोर, इटलीची ही स्पर्धा जिंकली. रेज्जीनंतर हे विजेतेपद मिळवणारी ती पहिली इटालियन स्त्री. मध्ये चाळीस वर्षे गेली. या चाळीस वर्षांत इटलीत चांगल्या खेळाडूंची वाण नव्हती. फ्रान्चेस्का स्कियावोनेने २०१० मध्ये पॅरिस जिंकले होते, फ्लाविया पेनेट्टाने २०१५ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा. फक्त घरच्या मैदानावर त्यांना कधी जिंकता आले नाही. पाओलिनी जिंकली तेव्हा प्रेक्षकांनी जे भरभरून दिले, ते देण्याची तयारी रोमची नेहमीच होती. १९८५ मध्ये रेज्जीला तिथे उभे राहू दिले असते तर ते तिलाही मिळाले असते, असे मानायला भक्कम आधार आहे.

आपल्या देशाने या बाबतीत कागद फार आधी केले. समान वेतनाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५८ मध्ये स्वीकारला आणि समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्ये झाला, म्हणजे पॅरिसच्या निर्णयाच्या तीस वर्षे आधी. पण क्रीडांगणावर तो कायदा पोहोचायला वेळ लागला. स्क्वॉशपटू दीपिका पल्लिकलने बक्षिसातल्या फरकामुळे राष्ट्रीय स्पर्धेवर काही वर्षे बहिष्कार टाकला आणि रक्कम समान झाल्यावरच, २०१६ मध्ये, ती परतली. क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांचे सामना-मानधन सारखे केले. टेनिसमध्ये मराठी मुलींची परंपरा जुनी आहे. पंडिता क्षमा राव यांची कन्या लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनवर सामना जिंकला, असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४ च्या आशियाई खेळांत सानिया मिर्झासोबत दुहेरीत कांस्य मिळवले, आणि ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीत सुवर्ण. गुणवत्ता आहे, प्रश्न तिला कोणते मैदान आणि कोणती किंमत मिळते याचा आहे.

तो प्रश्न रोममध्ये सुटेल तेव्हा सुटेल. भंडारा, तुमसर, साकोली, लाखांदूर, पवनी इथल्या गावांत तो या हंगामातच सोडवता येईल. मंडईच्या दिवसांत कबड्डीचे सामने ठेवणाऱ्या मंडळांनी, शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी आणि बक्षिसासाठी देणगी देणाऱ्या दात्यांनी एवढेच करावे: मुलींचा गट ठेवावा, त्यांचा अंतिम सामना दुपारच्या उन्हात उरकून न टाकता संध्याकाळी मुख्य मैदानावर, मुलांच्या सामन्याइतक्याच गर्दीसमोर खेळवावा, आणि पत्रकावर पहिल्या बक्षिसाची रक्कम दोन्ही गटांना एकच छापावी. त्यासाठी ना कायदा लागतो, ना सरकारी मंजुरी. पत्रक छापायला देण्याआधी मंडळाच्या बैठकीत घेतलेला एक निर्णय पुरेसा आहे.